एक्स-रे स्वच्छ, सीवाय-टीबी पॉझिटिव्ह: मग शरीरात चाललंय काय?

उपकेंद्र_खानापूर

नमस्कार. टीबी रुग्णांच्या घरच्यांना टीपीटी (आजार होऊ नये म्हणून आधीच द्यायच्या गोळ्या) देण्याचं काम आमच्या उपकेंद्राकडं आहे आणि लवकरच आशाताई, गटप्रवर्तकांचं प्रशिक्षण घ्यायचंय. कुठली गोळी, किती वजनाला किती, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद कशी, हे त्यांना तोंडपाठ आहे. गाडी अडते ती घरच्यांच्या प्रश्नांपाशी.

नमुन्यादाखल एक घर धरा. थोरला गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परराज्यात होता, बेडका पॉझिटिव्ह निघाल्यावर गावी आला, त्याला तीन आठवडे झाले. धाकटा भाऊ तिथंच त्याच्याबरोबर कामाला, दोघं वर्षभर एकाच खोलीत. गावी थोरल्याची बायको, तीन वर्षांचा मुलगा आणि शुगर असलेली आई. धाकट्याची सीवाय-टीबी (संसर्ग झालाय का ते पाहणारी त्वचेची चाचणी) पॉझिटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, खोकला-ताप काही नाही. बायको आता सगळ्यात जवळ, पण तिची निगेटिव्ह. धाकटा विचारतो, "जंतू अंगात असून मी ठणठणीत आहे, म्हणजे माझ्या शरीरानं त्याला हरवलंय. मग गोळ्या कशाला?"

"जंतू झोपलेत, कधीही जागे होतील" हे आमचं ठरलेलं उत्तर. त्यावर पुढचा प्रश्न येतो की झोपलेला जंतू शरीर मारून का टाकत नाही, आणि तिथं आमचं ज्ञान संपतं. प्रतिकारशक्ती नेमकं काय करते, काय करू शकत नाही, हे कुणी नीट सांगेल का? सोपं करून नको, खरं सांगा. सोपं आम्ही करू.

छातीरोग_मिरज

ताई, धाकट्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे आणि ते आधी त्याच्यासमोर मान्य करा. संसर्ग झालेल्या, बाकी धडधाकट माणसांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी टीबीचा आजार होतो. म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त लोकांची प्रतिकारशक्ती खरंच पुरी पडते. अडचण ही की आजारी पडणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांतच पडतात, आणि धाकटा नेमका त्या दोन वर्षांत आहे.

आता शरीरात काय होतं ते. खोकल्यातून उडालेले, हवेत तरंगत राहणारे १ ते ५ मायक्रॉनचे कण थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. मोठे थेंब नाक-घशातच अडकतात, ते या बाबतीत निरुपद्रवी. वायुकोशात राखणीला असलेल्या मॅक्रोफेज पेशी जंतूला गिळतात. इतर बहुतेक जंतूंची गोष्ट इथंच संपते: गिळलेल्या जंतूची पिशवी आम्लाच्या पिशवीला जोडली जाते आणि जंतू जिरतो. क्षयाचा जंतू ही जोडणीच होऊ देत नाही. पिशवीचा पीएच ६.४ च्या आसपास अडकून राहतो, ५ च्या खाली उतरत नाही. शिवाय ईएसएक्स-१ नावाच्या स्रावयंत्रणेतून तो ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं सोडतो, त्यांच्या मदतीनं पिशवीच्या भिंतीला इजा होते. ही दोन नावं आशाताईंना नको, पण तुम्ही लक्षात ठेवा, चाचणीच्या वेळी लागतील. ज्या पेशीनं मारायचं, तिच्याच आत हा राहतो, आणि साधारण २० तासांत एकाचे दोन होतो.

पुढची पायरी उशिरा येते, आणि टीबीचं सगळं गणित या उशिरात आहे. टी-पेशींना (ठरावीक जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना) जंतूची ओळख पटायला तो आधी छातीतल्या लसिकाग्रंथींपर्यंत न्यावा लागतो. ते काम डेंड्रायटिक पेशींचं. फ्लूच्या विषाणूत उंदरांमध्ये हे दोन-तीन दिवसांत उरकतं, क्षयात त्याच उंदरांना आठ ते दहा दिवस लागतात. माणसात त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह व्हायला संसर्गापासून २ ते ८ आठवडे जातात. तुमच्या थोरल्याच्या बायकोचं उत्तर इथंच आहे: तिला घरात धोका सुरू होऊन तीनच आठवडे झालेत. तिची निगेटिव्ह म्हणजे "संसर्ग नाही" असं नव्हे, "अजून कळायची वेळ आली नाही" असंही असू शकतं.

ओळख पटली की सीडी-४ टी-पेशी फुफ्फुसात येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. मॅक्रोफेजला हा इशारा मिळाल्यावर ती बदलते: अडलेली पिशवी आम्ल होऊ लागते, नायट्रिक ऑक्साइडसारखे मारक रेणू तयार होतात, पेशी स्वतःच्या आतला कचरा जिरवायची यंत्रणा जंतूवर चालवते. जोडीला टीएनएफ हा रेणू नव्या पेशी बोलावतो आणि आलेल्यांना एकत्र धरून ठेवतो. त्यातून ग्रॅन्युलोमा बनतो. मधे मॅक्रोफेज, त्यांतल्या काही एकमेकींत मिसळून झालेल्या राक्षसी पेशी, काही चरबीनं फुगलेल्या, भोवती लिम्फोसाइटचं कडं, बाहेर तंतुमय आवरण. आत प्राणवायू कमी, त्यामुळं जंतू डॉस-आर नावाची जनुकांची पलटण चालू करून वाढ जवळपास थांबवतो.

आता धाकट्याचा खरा प्रश्न: मारूनच का टाकत नाही? एक तर वाढ थांबलेल्या जंतूवर शरीराचा मारा कमी लागू पडतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. याहून जोरात मारा केला तर फुफ्फुसच फाटेल. शरीर म्हणून आयएल-१० हा शांत करणारा रेणू आणि नियामक टी-पेशींकरवी स्वतःच स्वतःला आवरतं. टीबीच्या रुग्णाच्या फुफ्फुसात जी पोकळी पडते ती जंतू खाऊन पाडत नाही. आपल्याच पेशींतून निघालेली विकरं, विशेषतः एमएमपी-१, तिथलं कोलॅजन कापतात. म्हणजे "प्रतिकारशक्ती वाढवा" हा सरसकट सल्ला टीबीत फसवा आहे. कमी पडली तर जंतू पसरतो, बेताल झाली तर पोकळी पडते आणि त्याच पोकळीतून जंतू श्वासनलिकेत उतरून दुसऱ्याच्या घरी जातो.

कराडकर_७

बेसिक प्रश्न. ग्रॅन्युलोमा म्हणजे जंतूचा तुरुंग, असं शिकवतात. मग तुरुंग पक्का असेल तर माणूस सुरक्षित, आणि भिंत पडली तर आजार. बरोबर ना?

माणदेशी_एमएससी

शाळेपुरतं बरोबर, पुढं हे चित्र अडचणीचं. या तुरुंगाच्या भिंती कैद्याला खायला घालतात.

झेब्राफिश नावाच्या माशात क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम मरायनम, टोचून जिवंतपणी पाहता येतं, कारण त्याची पिल्लं पारदर्शक असतात. तिथं दिसलं ते असं: संसर्ग झालेली मॅक्रोफेज मरते, नव्या मॅक्रोफेज तिला गिळायला धावत येतात, गिळतात आणि त्यांनाही संसर्ग होतो. काही मग बाहेर पडून दुसरीकडं नवी गाठ सुरू करतात. म्हणजे सुरुवातीच्या काळात गाठ बनणं हे जंतूच्या फायद्याचंही असतं.

दुसरी गोष्ट माकडांमधली. मॅकाक माकडांना संसर्ग देऊन पेट-सीटी केलं, तर एकाच फुफ्फुसातल्या दोन शेजारच्या गाठी वेगवेगळं वागताना दिसतात. एकीत जंतू पूर्ण मेलेला, दुसरीत वाढतोय. जंतूंना जनुकीय खुणा लावून पाहिलं तेव्हा बहुतेक गाठी एकेका जंतूपासून सुरू झालेल्या निघाल्या. तेव्हा "या माणसाची प्रतिकारशक्ती जिंकली की हरली" हा प्रश्नच चुकीच्या पातळीवर आहे. निकाल गाठीगणिक लागतो. बारापैकी अकरा गाठी निर्जंतुक झाल्या आणि एक फुटली, तरी माणूस आजारीच.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर लोक उगाच घाबरतात. पॉझिटिव्ह असलेल्या बऱ्याच जणांच्या अंगात जिवंत जंतू शिल्लकच नसावा असं मानायला आधार आहे. एचआयव्ही नसलेल्या पॉझिटिव्ह लोकांना अवयवरोपणासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तरी बहुसंख्यांना टीबी होत नाही. सगळ्यांत जंतू जिवंत दबा धरून असता तर हे आकडे फार वेगळे दिसले असते.

डोस किती आत गेला यालाही किंमत आहे. जर्मनीतल्या ल्यूबेक गावात १९३० साली २५१ नवजात बाळांना बीसीजीऐवजी चुकून जिवंत क्षयजंतू मिसळलेली लस तोंडावाटे दिली गेली. ७० हून जास्त बाळं दगावली. ही भयंकर गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बाकीची बहुतेक बाळं वाचली, तीही टीबीवर एकही औषध नसताना, हे सांगितलं जात नाही.

लॅब_कुपवाड

चाचणीबद्दल लिहितो, कारण अर्धा गोंधळ तिथं होतो.

मांटू आणि सीवाय-टीबी या त्वचेच्या चाचण्या, क्वांटिफेरॉन ही रक्ताची, तिन्हींपैकी एकही जंतू मोजत नाही. तिन्ही चाचण्या टी-पेशींची आठवण मोजतात. जंतू मेला तरी आठवण राहते. म्हणून टीपीटीचा कोर्स पूर्ण झाल्यावर "निगेटिव्ह झाली का बघू" म्हणून पुन्हा चाचणी करायची नाही. ती बहुधा पॉझिटिव्हच येईल आणि घरात नाहक घबराट. तसंच फोड मोठा म्हणजे जंतू जास्त, असंही नाही. २० मिमी आलेला माणूस ११ मिमीवाल्यापेक्षा जास्त आजारी नसतो.

मांटूत जे पीपीडी टोचतो ते क्षयजंतूच्या अनेक प्रथिनांचं मिश्रण आहे. त्यातली बरीच बीसीजीतही असतात, म्हणून लस घेतलेल्यात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. वर मिरजच्या सरांनी ईसॅट-६ आणि सीएफपी-१० सांगितलं. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं गुरांच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्ताच्या माध्यमावर २३० वेळा वाढवला, त्या प्रवासात जंतूनं आरडी-१ हा जनुकांचा तुकडा गमावला. ही दोन प्रथिनं त्याच तुकड्यातली. म्हणून बीसीजीमुळं सीवाय-टीबी किंवा क्वांटिफेरॉन पॉझिटिव्ह येत नाही. पुण्याच्या सीरमची सीवाय-टीबी याच दोन प्रथिनांवर आहे. प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम अलीकडं काही जिल्ह्यांत झाली, तिथं तर मांटूपेक्षा हीच बरी.

टोचण्यातल्या चुका. ०.१ मिलि, कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला, त्वचेच्या आतच. सुई टेकवताना तिचं तोंड वर हवं आणि टोचल्यावर ६ ते १० मिमीचा पांढुरका फुगवटा दिसलाच पाहिजे. फुगवटा आला नाही म्हणजे औषध त्वचेखाली गेलं. मग निकाल धरू नका, ५ सेंटिमीटर लांब किंवा दुसऱ्या हाताला पुन्हा टोचा. कुपी २ ते ८ अंशांत आणि उजेडापासून लांब. सिरिंज आधीच भरून ठेवू नका, प्रथिन प्लास्टिकला चिकटतं आणि डोस कमी पडतो.

वाचन ४८ ते ७२ तासांनी. लाली मोजायची नाही, बोटाला लागणारा कडकपणा मोजायचा, तोही हाताच्या लांबीला आडवा. बॉलपेन दोन्ही बाजूंनी हलकं दाबत आत आणायचं, जिथं अडेल तिथं खूण, दोन खुणांमधलं अंतर पट्टीनं. मांटूला साधारण १० मिमी, एचआयव्ही किंवा तत्सम कारणानं प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ मिमी. सीवाय-टीबीला सगळ्यांसाठी ५ मिमी. दोन दिवस का थांबायचं? आठवण असलेल्या टी-पेशी तिथं पोचून इतर पेशी बोलावतात, त्यांची गर्दी म्हणजे तो कडकपणा. पहिल्या दिवशी दिसणारी लाली नुसत्या टोचण्याचीही असते. आणि शनिवारी-रविवारी वाचायला कोणी नसेल तर गुरुवारी टोचू नका. इतकी साधी गोष्ट, पण कितीतरी वाचनं तिच्यापायी वाया जातात.

क्वांटिफेरॉनला चार नळ्या: करडी (कोरी, तुलनेसाठी), हिरवी आणि पिवळी (टीबीच्या), जांभळी. प्रत्येकीत १ मिलि रक्त, मग दहा वेळा उलटसुलट, आतली भिंत पूर्ण ओली व्हायला हवी. जोरात घुसळलं तर जेल फुटून निकाल बिघडतो. १६ तासांच्या आत ३७ अंशाच्या इनक्युबेटरमध्ये, तिथं १६ ते २४ तास. रक्त घेताना नळ्या १७ ते २५ अंशांत असायला पाहिजेत. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीतून नेलेल्या नळ्यांवर भरवसा ठेवू नका. रक्त भरलेल्या नळ्या इनक्युबेटरआधी फ्रीजमध्ये ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. टीबीच्या नळीतल्या इंटरफेरॉन-गॅमाच्या आकड्यातून करड्या नळीचा आकडा वजा करून ०.३५ किंवा जास्त, आणि तो करड्या नळीच्या किमान २५ टक्के, तर पॉझिटिव्ह. जांभळी नळी टी-पेशी चालतात का ते पाहते. तिचाच आकडा वजाबाकीनंतर ०.५ च्या खाली आणि टीबीच्या नळ्याही शांत, तर निकाल "अनिर्णित". याला निगेटिव्ह म्हणू नका. कुपोषित, खूप आजारी, स्टेरॉइडवर असलेल्या माणसात असं होतं. ०.२ ते ०.७ मधले आकडे पुन्हा केल्यावर पलटी खाऊ शकतात, त्यावर फार डोकं लावू नये.

कराडकर_७

मग रोज उन्हात बसणं, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या? त्यानं मॅक्रोफेजला ताकद येते असं वाचलंय.

माणदेशी_एमएससी

प्रयोगशाळेत खरं आहे. माणसाच्या मॅक्रोफेजला व्हिटॅमिन डी मिळालं तर कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनतं. पण मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०२० साली आले: दर आठवड्याला व्हिटॅमिन डी देऊनही संसर्ग होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. कमतरता असेल तर ती भरून काढा, टीबी टाळायला म्हणून नको.

छातीरोग_मिरज

अन्नाचं मात्र वेगळं आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना पोषण देऊन पाहिलेल्या रेशन्स चाचणीचे निकाल २०२३ साली आले. घरातल्या प्रत्येकाला रोजचे ७५० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं पुरवणारा शिधा आणि सूक्ष्म पोषकं. नवा टीबी साधारण ३९ टक्क्यांनी घटला, थुंकीतून सिद्ध झालेला ४८ टक्क्यांनी. वजन फार कमी असलेल्या माणसात टी-पेशी कमी असतात आणि त्या इंटरफेरॉन-गॅमाही कमी सोडतात, त्यामुळं यात नवल नाही. औषधं येण्याआधीच्या काळात वॉन्लेसवाडी, पाचगणीच्या सॅनिटोरियममध्ये माणसं हवापालटासाठी ठेवत. खाण्याकडं तितकंच लक्ष दिलं जाई. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये फक्त रुग्णाला मिळतात, घरच्यांना नाही, हे प्रशिक्षणात बोलावंच लागेल. तूरडाळ, शेंगदाणे, अंडी कुणाच्या ताटात पडतात ते घरात जाऊनच कळतं.

आता ती आजी. शुगर असलेल्यांना टीबीचा धोका साधारण दोन ते तीन पट. रक्तातली साखर सतत वाढलेली असली की सुरुवातीचा प्रतिसाद अजून उशिरा येतो आणि आल्यावर जास्त भडकतो. तिची चाचणी काहीही येवो, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) बघा.

सिलिकाही (वाळू-दगडाची बारीक धूळ) विसरू नका. कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर काम करणारा किंवा खडी क्रशरवरचा माणूस असेल, तर त्याच्या मॅक्रोफेज आधीच सिलिका गिळून अर्धमेल्या झालेल्या असतात. अशा पॉझिटिव्ह संपर्काचा पाठपुरावा सैल सोडू नये.

गोळी_तासगाव

"आजार नाही तर गोळ्या का" याला औषधाच्या अंगानं एक उत्तर आहे, आणि ते प्रतिकारशक्तीबद्दलही बरंच सांगून जातं.

आयसोनियाझिड फक्त वाढणाऱ्या जंतूला मारतं, कारण ते नव्या भिंतीचं मायकोलिक आम्ल बनवणं थांबवतं. झोपलेला जंतू भिंत बांधतच नाही. तरीही सुप्त संसर्गात ते लागू पडतं. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत १२ आठवडे दिल्यावर टीबी २१ टक्क्यांनी घटला, २४ आठवड्यांनी ६५, ५२ आठवड्यांनी ७५ टक्क्यांनी. औषध जितके जास्त दिवस, तितका परिणाम जास्त, याचा अर्थ सरळ आहे: "झोपलेले" जंतू अधूनमधून उठतात, एखादी फेरी वाढतात, टी-पेशी त्यांना परत दाबतात. गोळी पोटात असताना जो उठला तो मेला. म्हणून कोर्स लांब. रिफापेन्टिन आरएनए बनवणं रोखतं, त्यामुळं मंद जंतूवरही चालतं आणि तीन महिन्यांत भागतं. धाकट्याला हे असं सांगा: तुझं शरीर रोज काम करतंय, त्याची सुट्टी कधी पडेल ते कुणालाच माहीत नाही, तेव्हा सुट्टीआधी शिल्लक कमी करायची.

टीपीटीत एक-दोनच औषधं आणि आजारात चार, असं का? पोकळी असलेल्या फुफ्फुसात १० कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण १० लाखांत एक आपोआप निपजतो. म्हणजे पोकळीत असे शंभर आधीच बसलेले. सुप्त संसर्गात मुळात जंतूच थोडे, तिथं असा एखादा असण्याची शक्यता नगण्य. म्हणून टीपीटीआधी खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम ही चार लक्षणं आणि एक्स-रे. शंका वाटली तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (जंतूची जनुकं शोधणाऱ्या थुंकीच्या चाचण्या) होईपर्यंत गोळी थांबवा. आजार असलेल्याला टीपीटी दिली तर प्रतिरोध आपणच पेरला.

थोरल्याचा प्रतिरोधाचा अहवाल आधी बघा. त्याचा टीबी रिफॅम्पिसिन किंवा आयसोनियाझिडला दाद देत नसेल तर घरच्यांचा कोर्स वेगळा, तो जिल्हा क्षयरोग केंद्रच ठरवेल.

३एचपी (आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिनचा तीन महिन्यांचा कोर्स) असेल तर आठवड्यातून एकदा, बारा डोस, मोठ्या माणसाला दोन्ही औषधं ९०० मिग्रॅ. वार ठरवून घ्या, गावचा बाजार ज्या वारी तोच वार. डोस चुकला आणि दोन दिवसांत आठवला तर लगेच घ्या, पुढचा ठरल्या वारीच. त्याहून उशीर झाला तर आठवेल त्या दिवशी घ्या आणि तोच नवा वार धरा. दोन डोसांत चार दिवसांपेक्षा कमी अंतर नको. बारापैकी किमान अकरा झाले तरच पूर्ण. लघवी, घाम केशरी होतो हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात अर्धी माणसं गळतात. गर्भनिरोधक गोळ्या या औषधानं निकामी होऊ शकतात, तेव्हा थोरल्याच्या बायकोला दुसरं साधन सुचवा, आणि ती गरोदर असेल तर ३एचपी नाहीच. भूक मेली, मळमळ, डोळे पिवळे, हातापायाला मुंग्या: गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. रोज दारू पिणाऱ्याला सुरू करायच्या आधीच यकृताची तपासणी.

उपकेंद्र_खानापूर

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. "सुट्टीआधी शिल्लक कमी" हे जसंच्या तसं घेते. तीन गोष्टी राहिल्या. एक, तीन वर्षांच्या मुलाची चाचणी आधी करायची का? दोन, बायकोला आता काय? तीन, आमच्या भागात गुडघेदुखीच्या पुड्या घेणाऱ्या म्हाताऱ्या खूप. ही आजीही घेते. त्याचा संबंध येतो का? आणि धाकट्यानं काल नवाच फाटा काढला: एकदा संसर्ग झाला म्हणजे लस टोचल्यासारखंच झालं, आता परत होणार नाही.

छातीरोग_मिरज

मुलगा पहिला. पाच वर्षांखालच्या मुलाला घरात फुफ्फुसाचा रुग्ण असेल तर चाचणीची वाट बघायची नाही. लक्षणं, वजन आणि तपासणीतून आजार नाही एवढं पक्कं करून टीपीटी सुरू. लहान मुलात टी-पेशींचा इंटरफेरॉन-गॅमाचा प्रतिसाद कच्चा असतो, त्यामुळं संसर्गानंतर आजार लवकर आणि पसरणारा होतो, मेंदूच्या आवरणाचा टीबी सुद्धा. वर्षाच्या आतल्या बाळाला संसर्ग झाला आणि औषध मिळालं नाही तर जवळपास निम्मी बाळं आजारी पडतात. तीन वर्षांच्या मुलात धोका त्याहून कमी, तरी मोठ्यांपेक्षा बराच. बीसीजी याच जीवघेण्या प्रकारांपासून वाचवते, मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून नाही. ही दुसरी गोष्ट तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या प्रचंड चाचणीत दिसली. तेव्हा "लस टोचलीय की" यावर विसंबू नये.

बायको. निगेटिव्ह चाचणी म्हणून तिला सोडू नका. ती घरातली संपर्क आहेच, आजार नाही याची खात्री करून टीपीटी देता येते, चाचणी ही अट नाही. ती नकोच म्हणाली, तर थोरल्याची थुंकी निगेटिव्ह झाल्यावर ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा चाचणी.

पुड्या. हा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं केलंत. त्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि किती ते कुणीच लिहीत नाही. प्रेडनिसोलोन रोज १५ मिग्रॅ किंवा जास्त, महिनाभर, एवढ्यानं टीबी उफाळायचा धोका स्पष्ट वाढतो. स्टेरॉइड टी-पेशी आणि टीएनएफ दोन्ही दाबतं, शुगरही वाढवतं, आणि चाचणी खोटी निगेटिव्ह आणतं. टीएनएफ दाबलं की काय होतं ते संधिवाताच्या इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ रोखणाऱ्या औषधानं २००१ मध्येच दाखवून दिलंय: ते घेणाऱ्यांतले टीबीचे ७० रुग्ण नोंदले गेले, त्यांतल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांतच, आणि निम्म्याहून अधिक जणांत टीबी फुफ्फुसाबाहेर. आजीची पुडी अचानक तोडू नका, बरेच महिने घेत असेल तर एकदम बंद केल्यानं रक्तदाब कोसळू शकतो. पुडीच घेऊन तिला मेडिकल ऑफिसरांकडं न्या.

धाकट्याचा फाटा अगदीच पोकळ नाही. १९२० च्या दशकात ऑस्लोत नर्सिंगच्या विद्यार्थिनी पाहिल्या गेल्या, तेव्हा आधीच चाचणी पॉझिटिव्ह असलेल्या मुलींना रुग्णांच्या सहवासात टीबी कमी झाला, निगेटिव्ह असलेल्यांना जास्त. म्हणजे जुन्या आठवणीचा आधार मिळतो, पण पुरता नाही, आणि एचआयव्ही किंवा शुगर आली की तोही ढिला पडतो. शिवाय ही "लस" त्याला मिळाली ती वर्षभर पॉझिटिव्ह भावाच्या खोलीत झोपून. डोस किती गेला त्याचा हिशेब कुणाकडं नाही.

लॅब_कुपवाड

एक भर. थोरल्याच्या बायकोच्या किंवा मुलाच्या अंगात नुकताच गोवर-कांजिण्यांसारखा विषाणू येऊन गेला असेल, किंवा गोवरची लस गेल्या महिन्याभरात दिली असेल, तरी त्वचेची चाचणी काही आठवडे खोटी निगेटिव्ह येते. पुन्हा टोचायची तारीख ठरवताना लसीकरणाचं कार्ड बघून घ्या.

उपकेंद्र_खानापूर

कार्ड उद्याच बघते. पुड्यांचं मेडिकल ऑफिसरांना आजच कळवलंय, आजी शनिवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतेय.